लांब इंग्रजी शब्द कुठे तोडायचा? चार मोफत ऑनलाइन साधनांची पारख

लांब इंग्रजी शब्द एकाच जागी तुटत नाही. ओळ संपली म्हणून छापताना तोडायची जागा एक, बोलताना तुकडे पडतात ती जागा दुसरी, आणि अर्थाचे भाग जिथे सांधलेले असतात ती तिसरी. 'हेलिकॉप्टर' बोलताना हे-ल-कॉप-टर असा चार तुकड्यांत येतो. अर्थाचा सांधा मात्र 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्या मधे आहे. ग्रीकमध्ये पहिल्याचा अर्थ पीळ किंवा मळसूत्र, दुसऱ्याचा पंख. 'हेली' आणि 'कॉप्टर' ही कानाने नंतर केलेली वाटणी. शब्दकोशाच्या पानावर हे सांधे वेगवेगळ्या ओळींत दिलेले असतात, आणि बरेच शिकणारे नेमक्या चुकीच्या ओळीवरून उच्चार पाठ करतात.

पारखायला घेतलेली चार साधनं अशी: मेरियम-वेबस्टर आणि केंब्रिज हे दोन शब्दकोश, शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाइन, आणि शब्द खऱ्या बोलण्यात ऐकण्यासाठी यूग्लिश. चारही मोफत वापरता येतात. निर्णय आधीच सांगायचा तर सिलेबल (म्हणजे बोलताना पडणारे तुकडे) आणि जोर यांसाठी पहिल्यांदा केंब्रिज उघडावं. शब्दाचे दोन-तीन उच्चार चालतात का, हे पाहायला मेरियम-वेबस्टर. उपसर्ग-प्रत्यय सोडवायला एटिमऑनलाइन. यूग्लिश सगळ्यात शेवटी, उच्चार एकदा कळल्यावर. एकट्याने भागेल असं यातलं एकही नाही.

मेरियम-वेबस्टरचे ठिपके

मेरियम-वेबस्टरवर 'फोटोग्राफी' शोधा. तोच शब्द मधे ठिपके घालून दिसतो: पी-एच-ओ, टी-ओ-जी, आर-ए, पी-एच-वाय. शेजारी उच्चार असतो, छोट्या आडव्या रेघांनी तोडलेला: फ-ˈटा-ग्र-फी. तुकडे दोन्हीकडे चारच, पण कापलेले वेगळ्या जागी. ठिपक्यांच्या ओळीत 'जी' हे अक्षर दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी आहे, उच्चाराच्या ओळीत त्याचा ग् तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला गेलाय. 'मेडिसिन'चंही तसंच. ठिपके म्हणतात एम-ई-डी, आय, सी-आय-एन-ई. उच्चार म्हणतो ˈमे-ड-सन.

याचं कारण साधं आहे. ते ठिपके उच्चारासाठी नाहीतच. ओळ भरली तर संयोगचिन्ह टाकून शब्द कुठे मोडता येईल, एवढंच ते सांगतात. आणि छपाईचा एक नियम असा की एकटं अक्षर ओळीच्या टोकाला लटकू द्यायचं नाही किंवा पुढच्या ओळीत एकटं ढकलायचं नाही. म्हणून तशा जागी ठिपका पडतच नाही. 'अकॅडमी' ठिपक्यांत तीन तुकड्यांची दिसते: ए-सी-ए-डी, ई, एम-वाय. बोलताना ती चार तुकड्यांची, अ-ˈकॅ-ड-मी. 'इलेक्ट्रिसिटी' ठिपक्यांत चार, तोंडात पाच. 'एरिया' ठिपक्यांत दोन, तोंडात तीन. 'आयडिया'ला तर एकही ठिपका नाही, आणि बोलताना तीन सिलेबल. ठिपके मोजून सिलेबल सांगणाऱ्याचं उत्तर म्हणूनच अनेकदा चुकतं, आणि चुकतं ते बहुतेक वेळा कमी मोजून.

हा मेरियम-वेबस्टरचा दोष नाही. ठिपके कशासाठी आहेत हे त्यांनी आपल्या माहितीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. पण ते पान उघडतं कोण? शब्दाच्या अंगावरच ठिपके असतात, त्यामुळे डोळा आधी तिथे जातो. निदान पहिल्यांदा येणाऱ्याला तिथल्या तिथे एका ओळीची सूचना मिळायला हवी होती.

तोडण्याच्या या पद्धतीमागे इतिहासही आहे. नोआ वेबस्टर यांनी 1783 साली मुलांसाठी शब्दलेखनाचं जे पुस्तक काढलं, त्यात जुन्या पद्धतीची फोड बदलली. सवय या अर्थाचा 'हॅबिट' तोवर एच-ए, बी-आय-टी असा तोडत. तसा तोडला की शिकणारा पहिला तुकडा 'हे' असा वाचतो. वेबस्टर यांनी तो एच-ए-बी, आय-टी असा तोडला, म्हणजे पहिल्या तुकड्यातला स्वर आपोआप ऱ्हस्व वाचला जातो. ठिपक्यांची ओळ आजही हेच काम करते. तुकडा व्यंजनावर संपला तर त्याआधीचा स्वर बहुधा ऱ्हस्व. म्हणजे ठिपके अगदीच टाकाऊ नाहीत. त्यांच्यावरून स्वराचा अंदाज करता येतो, मोजणी करता येत नाही. छपाईची ही फोड देशागणिकही बदलते. 'नॉलेज' अमेरिकी पद्धतीत के-एन-ओ-डब्ल्यू-एल नंतर तुटतो. ब्रिटिश पद्धतीत 'नो' हे मूळ क्रियापद अखंड ठेवून के-एन-ओ-डब्ल्यू नंतर.

उच्चाराची ओळ कशी वाचायची

मेरियम-वेबस्टरची खरी श्रीमंती उच्चाराच्या ओळीत आहे, पण ती वाचायची पद्धत माहीत नसेल तर ओळ गिचमिड वाटते.

आडवी रेघ म्हणजे सिलेबलची सीमा. वरच्या बाजूला असलेली छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य जोर, आणि ती ज्या सिलेबलवर जोर आहे त्याच्या आधी येते. इथे नवखा माणूस फसतो, कारण अनेक जुन्या पुस्तकांत हे चिन्ह जोराच्या सिलेबलनंतर छापलेलं असे. खालच्या बाजूला असलेली उभी रेघ म्हणजे दुय्यम जोर. 'फोटोग्राफिक'मध्ये दोन्ही दिसतात: ˌफो-ट-ˈग्रॅ-फिक. पहिल्या सिलेबलवर हलका जोर, तिसऱ्यावर पूर्ण.

कंसातला ध्वनी म्हणजे घेतला तरी चालतो, गाळला तरी चालतो. कंसात आडवी रेघही असेल तर त्या ध्वनीबरोबर एक अख्खं सिलेबल जातं. इंग्रजी क्रियाविशेषणांचा 'आय-सी-ए-डबल एल-वाय' हा शेवट घ्या. लिखाणावरून तो तीन सिलेबलचा वाटतो, 'इ-क-ली' असा काहीतरी. मेरियम-वेबस्टर मधला स्वर कंसात टाकतं, आणि तो गाळून बोलणंच जास्त ऐकू येतं: 'इक-ली'. म्हणून 'बेसिकली' चार नव्हे, तीन सिलेबलचा शब्द आहे. 'कम्फर्टेबल'चीही तीच गत. ˈकम्फ-ट-बल असा तीन सिलेबलचा उच्चार तिथे पूर्ण मान्य आहे, चार सिलेबलचाही आहे. 'टेबल' या शब्दासारखा 'टे' मात्र कुठल्याच उच्चारात नाही. लिखाणातला 'ए-बी-एल-ई' हा प्रत्यय तोंडात 'अबल' होतो. 'व्हेजिटेबल'मध्येसुद्धा 'टेबल' नाही.

सगळ्यात गोंधळ होतो पर्यायांच्या ओळीत. पर्यायी उच्चार जागा वाचवण्यासाठी अर्धाच छापलेला असतो, जेवढा बदलतो तेवढाच भाग. तुकड्याच्या बाजूला नुसती आडवी रेघ दिसली की समजावं, उरलेला भाग आधीच्या उच्चारातून घ्यायचा आहे. पर्यायांचा क्रमही गुणानुक्रम नाही. दुसरा उच्चार पहिल्यापेक्षा कमी प्रतीचा असं तो शब्दकोश म्हणत नाही. एखादा उच्चार प्रचारात आहे पण त्याला अनेकांचा आक्षेप आहे, असं असेल तर त्याच्या आधी भागाकाराचं चिन्ह ÷ असतं. 'न्यूक्लिअर'चा 'न्यूक्यलर' हा उच्चार या खुणेसह दिलाय. परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणाऱ्याने ही खूण असलेला उच्चार टाळावा.

आता एक गोष्ट मराठी वाचणाऱ्यांसाठी खास. उच्चाराच्या ओळीत उलटं छापलेलं छोटं 'ई' अक्षर जागोजागी दिसतं. इंग्रजीतला हा सगळ्यात जास्त येणारा स्वर. जोर नसलेल्या सिलेबलमध्ये 'ए', 'ई', 'आय', 'ओ', 'यू' यांपैकी कुठलंही अक्षर असो, त्याचा रंग उडून बहुधा हाच स्वर उरतो. इतर अनेक भाषांच्या लोकांना तो मुद्दाम शिकावा लागतो. आपल्याला नाही. 'कमळ' म्हणताना 'क'मध्ये जो आखूड 'अ' येतो, तो याच्या अगदी जवळचा आहे. अडचण ध्वनीची नाहीच, अडचण लिखाणाची आहे. 'ओ' अक्षर दिसलं की आपण 'ओ' किंवा 'ऑ' म्हणतो, 'ए' दिसलं की 'ए' किंवा 'ॲ'. मराठीत रुळलेला 'फोटोग्राफी' हा शब्द त्याचंच उदाहरण. इंग्रजीत तो 'फटॉग्रफी' आहे: 'फो'चा 'फ' झाला, 'ग्रा'चा 'ग्र' झाला, आणि सगळं वजन 'टॉ'वर गेलं. उलटं 'ई' दिसेल तिथे पेन्सिलीने 'अ' लिहून ठेवा. लांब शब्दांचा निम्मा उच्चार तिथेच सुधारतो.

जोर म्हणजे नुसतं मोठ्याने बोलणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. जोराचं सिलेबल थोडं लांबतं, आवाजाची पट्टी तिथे बदलते, आणि त्याचा स्वर पूर्ण उच्चारला जातो. उरलेली सिलेबल आखडतात. मराठीत शब्दातला जोर हलवल्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी सिलेबल सारख्या मापाने म्हणतो. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तो जोराच्या जागेवरून. 'डेव्हलपमेंट' पहिल्या सिलेबलवर जोर देऊन म्हटला तर सगळे ध्वनी ठीक असूनही समोरचा क्षणभर अडखळतो. जोर 'व्हे'वर आहे: ड-ˈव्हे-लप-मंट.

केंब्रिज

केंब्रिजच्या पानावर मूळ शब्दात ठिपके नसतात, ही मोठी सोय. शब्द अखंड, त्याखाली ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार वेगवेगळे, दोन्हींना ध्वनीचं बटण. ठिपके इथेही आहेत, पण ते उच्चाराच्या आत आहेत आणि खरंच सिलेबलची सीमा दाखवतात. लिपी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे इथे शिकलेली चिन्हं इतर शब्दकोशांतही कामी येतात. मेरियम-वेबस्टरची चिन्हपद्धत त्यांची स्वतःची आहे.

एक बारकावा जवळून पाहण्यासारखा. 'फोटोग्राफी'चा ब्रिटिश उच्चार केंब्रिज फ-ˈटॉग-र-फी असा तोडतं आणि अमेरिकी फ-ˈटा-ग्र-फी असा. एकाच पानावर ग् दोन वेगळ्या जागी! ही छापण्यातली चूक नाही. इंग्रजीत जोर असलेला ऱ्हस्व स्वर सिलेबलच्या शेवटी उघडा राहू शकत नाही, असा एक रूढ संकेत आहे. त्याला आधाराला व्यंजन लागतं. ब्रिटिश 'टॉ' ऱ्हस्व, म्हणून त्याला ग् चिकटवलाय. अमेरिकी 'टा' दीर्घ, त्याला आधार नको, म्हणून ग् पुढे गेला. मेरियम-वेबस्टर हा संकेत पाळत नाही, म्हणूनच तिथे ˈमे-ड-सन असा उघडा 'मे' दिसतो. तेव्हा दोन शब्दकोशांत सीमा एका व्यंजनाने इकडेतिकडे झाली तर काळजी करू नये. सिलेबलची संख्या आणि जोराची जागा या दोन गोष्टी जुळतात का ते पाहावं. त्या जुळल्या की उच्चार जुळला.

ब्रिटिश उच्चारात शेवटी वर चढवलेला छोटा 'आर' दिसतो. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तरच तो र् ऐकू येतो, नाहीतर नाही. अमेरिकी उच्चारात 'टी'खाली छोटं चिन्ह असेल तर तो ट् जिभेच्या टोकाने झटकन मारलेला, जवळजवळ ड्-र् च्या मधला ध्वनी आहे. उच्चाराचं स्वतंत्र पान उघडलं तर प्रत्येक ध्वनीसमोर एक सोपा ओळखीचा शब्द दिलेला असतो. ध्वनिलिपी येत नसली तरी त्या पानावरून काम निघतं. नवशिक्यासाठी केंब्रिज पहिलं, ते मुख्यतः या पानामुळे.

उणीव एकच, पण मोठी. शब्द कशापासून बनला याबद्दल केंब्रिज काही सांगत नाही.

प्रत्यय जोर कसा ओढतो

प्रत्येक लांब शब्द वेगळा शोधत बसण्यापेक्षा शेवटाकडे पाहायची सवय लावली तर ही साधनं दुप्पट कामाला येतात. आधी अंदाज करा, मग शब्दकोशात ताडून पाहा.

'टी-आय-ओ-एन', 'आय-सी' आणि 'आय-टी-वाय' हे तीन शेवट जोराला आपल्या लगेच आधीच्या सिलेबलवर ओढून घेतात. ˈइकॉनमी नव्हे, इ-ˈकॉ-न-मी. पण पुढे 'आय-सी' लागला की जोर सरकून 'नॉ'वर येतो, 'इकनॉमिक'. 'इलेक्ट्रिक'मध्ये जोर 'लेक'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर, आणि जाता जाता शेवटच्या क् चा स् होतो. 'एल-ओ-जी-वाय' आणि 'जी-आर-ए-पी-एच-वाय' या शेवटांत जोर शेवटून तिसऱ्या सिलेबलवर बसतो, म्हणून 'फटॉग्रफी'. थर्मामीटर आपण जसा म्हणतो तसा इंग्रजीत नाही. तो थ-ˈमॉ-म-टर आहे, 'थर्मो' आणि 'मीटर' यांचा सांधा जोराने पार झाकून टाकलाय. 'किलोमीटर'ला मात्र दोन्ही चालतात, 'कि'वर जोर आणि 'लॉ'वर जोर, आणि दोन्ही शब्दकोश दोन्ही उच्चार देतात.

'डबल ई', 'डबल ई-आर' आणि 'ई-एस-ई' जोर स्वतःवरच घेतात: 'रेफ्युजी', 'इंजिनिअर', 'जॅपनीज' या तिन्हींचा शेवट जोरकस. 'एन-ई-डबल एस', 'एल-वाय', 'एफ-यू-एल', 'एम-ई-एन-टी' जोराला हात लावत नाहीत. 'कम्फर्ट'च्या पुढे-मागे कितीही लावा, अगदी 'अनकम्फर्टेबली' झाला तरी जोर 'कम'वरच.

अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. 'आय-सी' किंवा 'आय-सी-एस'ने संपणारे 'पॉलिटिक्स', 'लूनॅटिक', 'आर्सेनिक', 'कॅथलिक' पहिल्या सिलेबलवर जोर घेतात. 'टेलिव्हिजन'मध्ये मुख्य जोर 'टे'वर. 'कम्पेअर'मध्ये जोर दुसऱ्या सिलेबलवर, पण 'कम्परेबल'मध्ये पहिल्यावर; तसंच 'ॲडमायर' आणि 'ॲडमिरेबल'. 'अरिथमेटिक' हा शब्द तर शब्दकोशाची परीक्षाच घेतो. नाम असेल तर जोर 'रिथ'वर, विशेषण असेल तर 'मे'वर. दोन्ही शब्दकोशांत नामाची आणि विशेषणाची नोंद वेगळी आहे. आपण कुठल्या नोंदीखालचं बटण दाबतोय ते पाहिलं नाही तर चुकीचाच उच्चार पक्का होतो. 'ग्रॅज्युएट', 'एस्टिमेट', 'सेपरेट' यांचंही असंच. क्रियापदात शेवट 'एट', नाम-विशेषणात नुसता 'अट'.

एटिमऑनलाइन

डग्लस हार्पर यांनी उभा केलेला हा व्युत्पत्तिकोश. उच्चार इथे मिळत नाही, त्याची अपेक्षाच करू नये. इथे मिळतात ते तुकडे. नुसत्या शब्दांच्याच नव्हे, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्याही स्वतंत्र नोंदी आहेत, आणि हीच याची सगळ्यात मोठी ताकद. 'हेलिकॉप्टर' उघडा, तो फ्रेंचमधून 1861 साली आला हे कळतं. मग त्यातला 'प्टर'चा भाग उघडा, तोच पंख असलेल्या इतर शब्दांत कुठे बसलाय ते दिसतं. एखाद्या मुळाच्या आधी तारकाचिन्ह असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेवरून उभं केलेलं आहे, असं समजावं.

याचा खरा उपयोग खोटी फोड पकडण्यासाठी. 'आउटरेज' म्हणजे 'आउट' अधिक 'रेज' असं कुणालाही वाटेल. तसं नाही. जुन्या फ्रेंचमधल्या 'पलीकडे' या अर्थाच्या शब्दाला 'ए-जी-ई' हा प्रत्यय लागून तो झालाय. 'हॅम्बर्गर'मध्ये 'हॅम' नाही, हॅम्बुर्ग शहर आहे. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा नाही. तो पेट घेण्याच्या लॅटिन क्रियापदातूनच आलाय, त्यामुळे 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' यांचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारा. सामानावरची सूचना वाचताना ही चूक महागात पडू शकते.

उलट दिशेनेही गंमत आहे. तुकडा ओळखला तर उच्चार सुधारतो. 'बायोपिक' हा 'बायो' आणि 'पिक' यांचा जोड, म्हणून जोर 'बा'वर. 'आय-सी'चा नियम लावून 'बायॉपिक' म्हणणारे पुष्कळ, पण इथे 'आय-सी' प्रत्यय नाहीच. 'मिसलेड' या शब्दात 'मिस' हा उपसर्ग दिसला नाही तर तो 'मायझल्ड' असा वाचला जातो. ग्रीकमधून आलेल्या 'हायपर्बली', 'एपिटमी', 'कटॅस्ट्रफी' या शब्दांतला शेवटचा 'ई' मुका नसतो, त्याचं स्वतंत्र सिलेबल होतं.

नुसता 'सिलेबल मोजा' असा चौकोन देणारी जी असंख्य साधनं इंटरनेटवर सापडतात, त्यांतली बरीचशी अशा शब्दांवर आपटतात, कारण ती स्वराची अक्षरं मोजून शेवटचा 'ई' वजा करतात. असं साधन वापरण्याआधी त्यात तीन शब्द घालून पाहा: 'रेसिपी', 'एरिया', 'रिदम'. उत्तरं तीन, तीन, दोन आली पाहिजेत. एक जरी चुकलं तरी ते साधन सोडून द्या. ज्यांना यादीच्या स्वरूपात जोर हवा आहे, म्हणजे संगणकावर शब्दांची छाननी करणारे, त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश घ्यावा. त्यात प्रत्येक स्वरापुढे 0, 1 किंवा 2 हा आकडा असतो: जोर नाही, मुख्य, दुय्यम. सिलेबलच्या सीमा त्यात नाहीत, पण आकडे मोजले की संख्या बिनचूक मिळते.

एक शब्द, सुरुवातीपासून

'रिस्पॉन्सिबिलिटी' घेऊ. केंब्रिजवर उच्चार पाहा आणि सिलेबल मोजा: सहा. मुख्य जोर चौथ्यावर, 'बि'वर. 'आय-टी-वाय'च्या लगेच आधी, म्हणजे नियमाप्रमाणे. दुय्यम जोर दुसऱ्यावर, 'स्पॉन'वर. आता शब्द मागून पुढे बांधा. आधी नुसतं 'बिलटी', 'बि' लांबवून. मग 'सबिलटी'. मग 'स्पॉन्सबिलटी'. शेवटी 'रिस्पॉन्सबिलटी'. पुढून सुरुवात केली तर श्वास आणि जोर दोन्ही 'रि'वरच खर्च होतात आणि शेवट गिळला जातो. मागून बांधलं की जोराची जागा आधीच पक्की होते. प्रत्येक पायरी तीनदा, घाई न करता.

मग एटिमऑनलाइनवर 'रिस्पॉन्ड' उघडा. 'री' म्हणजे परत, पुढचा भाग लॅटिनमधला वचन देणे या अर्थाचा. त्यावरून शब्दलेखनही सुटतं. मूळ विशेषण 'आय-बी-एल-ई'ने संपतं, 'ए-बी-एल-ई'ने नाही, म्हणून लांब रूपातही 'आय-बी-आय-एल-आय-टी-वाय'. बोलताना त्या जागी नुसता 'अ' ऐकू येतो, तेव्हा कान इथे मदत करत नाही, तुकडाच करतो.

सगळ्यात शेवटी यूग्लिश. शब्द टाकला की तो ज्या व्हिडिओंत बोलला गेलाय ते नेमक्या त्या क्षणापासून एकामागून एक सुरू होतात. अमेरिकी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असा बोलण्याचा प्रकार निवडता येतो, वेग कमी करता येतो, काही सेकंद मागे जाता येतं. पाच-सहा बोलणारे ऐकले की कळतं, वाक्यात दुय्यम जोर किती दबतो आणि मुख्य जोर तरी कसा टिकतो. 'इंटरनॅशनलायझेशन' तिथे दोन्ही प्रकारांत ऐका. ब्रिटिश बहुधा 'लायझेशन' म्हणतील, अमेरिकी 'लझेशन'. जोर दोघांचाही 'झे'वर.

शब्द नाम आहे की क्रियापद, हे यूग्लिश नेहमी अचूक ओळखेल याची खात्री धरता येत नाही. 'रेकॉर्ड' किंवा 'पर्मिट' शोधलात तर नामाचे आणि क्रियापदाचे व्हिडिओ मिसळून येतात, पहिल्यात जोर पहिल्या सिलेबलवर, दुसऱ्यात दुसऱ्यावर. अशा शब्दांसाठी एकटा शब्द न टाकता आधी-मागे एखादा शब्द जोडून टाका. नामासाठी आधी 'ए' किंवा 'द', क्रियापदासाठी 'टू'.